खाऱ्या पाण्याची पातळी

दि. ९ जानेवारी

चि. ताईस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. माझी तब्येत ठीक आहे. या घरात ती ठीक ठेवावीच लागते, कारण आजारी पडायला जागा उरलेली नाही. हॉलमधली जागा तुझ्या बंधुराजांनी अडवली आहे. फोटो धुवायचं दुकान बंद पडल्यापासून साहेब घरीच असतात हे तुला ठाऊक आहे. आता त्यांनी खिडकीजवळच्या भिंतीला, जिथे माझी खुर्ची होती तिथे, काचेची भलीथोरली टाकी आणून बसवली आहे. समुद्रातले मासे पाळणार आहेत. माझी खुर्ची चपलांच्या कपाटाशेजारी गेली.

मासे पाळणार म्हणजे टाकीत मासे असतील, असं तुला वाटेल. नाहीत. टाकीत पाणी आहे, तळाला वाळू आहे, चार ओबडधोबड दगड आहेत आणि बाहेर स्टुलावर बसून त्या पाण्याकडे टक लावून बघणारा एक घोडा आहे. मासे कुठे, असं विचारलं तर म्हणाला की पाणी अजून मुरतंय. माशाची घाण खाणारे जंतू आधी त्या दगडांवर वाढवावे लागतात म्हणे, ते वाढेपर्यंत मासा सोडायचा नसतो. ते वाढावेत म्हणून रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाणं टाकतो. मी उभा जन्म पाणीपुरवठ्याच्या टाकीवर पंप चालवण्यात काढला. पाण्यात जंतू होऊ नयेत म्हणून आम्ही जिवाचं रान केलं, आणि माझ्या पोटी हे रत्न जन्माला आलं, जे जंतूंना जेवायला घालतं.

सूनबाई सकाळी कामावर जातात त्या संध्याकाळी येतात, त्यांना हे सहन करावं लागत नाही. मला दिवसभर समोर बघावं लागतं. फोनवर हे बोलता येत नाही, कारण फोन टाकीला खेटून आहे आणि स्टूल फोनला खेटून. म्हणून हा कागद.

जावईबापूंना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढवायच्या भानगडीत पडू नकोस.

अण्णा


दि. २० जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

अण्णांनी तुला टाकीबद्दल काय लिहिलं असेल ते मी न वाचता म्हणून दाखवतो. घोडा हा शब्द नक्की आला असेल. त्यांनी जे लिहिलं नसेल ते मी लिहितो.

आमच्या कोपऱ्यावर एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी नवा दवाखाना काढलाय. बाहेर बसलेल्या लोकांनी आतल्या मशीनचा आवाज ऐकत बसू नये, मासे बघत बसावं, म्हणून त्यांना खाऱ्या पाण्याची टाकी हवी आहे आणि दर आठवड्याला येऊन ती सांभाळणारा माणूस हवा आहे. मी म्हटलं मी करतो. बाई भोळ्या नाहीत. आधी घरी एक टाकी चालवून दाखवा, मार्चअखेर मी येऊन बघेन, मासा जिवंत आणि पाणी ठीक असेल तर काम तुमचं, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या ओळखीचे आणखी दोन दवाखाने आहेत. म्हणजे ताई, हे जमलं तर मी पुन्हा कुणीतरी असेन. नाही जमलं तर हिच्या भावाच्या फरशांच्या गोदामात. त्याने माझ्यासाठी दुकानाचं नाव छापलेला शर्ट आणूनसुद्धा ठेवलाय. देताना म्हणाला की जरा सैल आहे, पण इथे राहून तुम्ही भराल.

अण्णांना वाटतं मी पाण्याकडे बघत बसतो. मी रंग बघतो. नमुन्याच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे की ते रंगतं. हिरवं झालं की अमोनिया आहे, जांभळं झालं की नायट्राइट, दोन्ही माशाला विष. आधी हिरवा चढला, मग आपोआप उतरला, म्हणजे पहिले जंतू कामाला लागले. आता जांभळा चढलाय. तो उतरला की मासा आणायचा. वर्षानुवर्षं लोकांच्या लग्नांचे रंग मी जमवले आहेत, रंगात मला कुणी फसवू शकत नाही. मीठही मोजून घालतो, हजार भागांत पस्तीस भाग. नळाचं पाणी चालत नाही, गाळून घेतो, पिंपात ते खास मीठ कालवतो आणि मगच टाकीत. हे सगळं अण्णांना सांगावं तर ते ऐकतात आणि चपलांच्या कपाटाकडे बघतात.

डॉक्टरीणबाईंचं अण्णांना बोलू नकोस. काम हुकलं तर जन्मभर ऐकावं लागेल.

भाच्यांना पापा. तुझा लोभ मला लागतो, तेवढा धाडत राहा.

तुझा,
धाकटा


दि. २८ जानेवारी

चि. धाकट्यास, अ. आ.

एकाच हॉलमधून दोन पत्रं आली, दोघांचे लिफाफेही एकाच दुकानातले. मला तुम्हा दोघांची कीव येते. शेजारी शेजारी बसून एकमेकांच्या तक्रारी तीन दिवसांच्या अंतरावरच्या बाईला कळवता आणि वर तिकिटं लावता.

तुझा लौकिक मला ठाऊक आहे. गिटारला तारा बसवल्यास आणि वाजवायचं राहिलं. मधमाश्यांची पेटी आणलीस, माश्याच आल्या नाहीत. तेव्हा या खेपेला मला एकच सांगायचंय. मी दिवसभर लोकांचं रक्त तपासते, त्यात मीठ किती हेसुद्धा बघते. ते थोडं वरखाली झालं की चालतंबोलतं माणूस आडवं होतं. तुझा मासा तर अंगठ्याएवढा. रंग बघून खूश होऊ नकोस, मीठ रोज मोज.

आणि अण्णांना दवाखान्याचं सांगून टाक. त्यांची जीभ तिखट आहे, पण पाण्यातलं त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं, असं आपलं मला वाटतं.

तुझ्या बायकोला सांग की तिचं कौतुक वाटतं. माया आहेच, पण तू ती गृहीत धरू नकोस.

ताई


दि. २४ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

मासा आला! नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे, आणि वागणूक अशी की टाकी त्याच्या तीर्थरूपांची आहे. अण्णांनी बघितला आणि कैद्याचे कपडे घातलेत म्हणाले. पण हल्ली बघतात खरे.

आता ऐक, तुझ्या भावाने काय केलंय ते. खाऱ्या पाण्याच्या टाकीची सगळ्यात मोठी कटकट म्हणजे पाणी आटतं. मी काचेचं झाकण स्वतः कापून, कडेला रबराची पट्टी लावून असं बसवलंय की थेंबभर पाणी वर जात नाही. काचेवर मी जी रेघ मारली होती तिथून पाणी केसभर हललेलं नाही. मजा म्हणजे शेजारच्या पिंपातलं पाणी मात्र कमी होतं. कारण पिंपाचं झाकण कंपनीचं आहे, माझं नाही.

म्हणून मीठ रोज मोजायची तुझी सूचना मी रद्द केली आहे. पाणी हलत नाही, तर मीठ कसं हलेल? तीन दिवस मोजलं, पस्तीस ते पस्तीस. यंत्र डब्यात ठेवून दिलं. रक्त तपासणाऱ्यांनी समुद्रात लुडबुड करू नये.

अण्णांना दवाखान्याचं सांगितलं, तू म्हणालीस म्हणून. ते म्हणाले, म्हणजे आता लोकांच्या दातांवर पोट भरणार. झालं समाधान?

सर्वांना नमस्कार. लोभ टाकीसारखा झाकून ठेव, म्हणजे आटणार नाही.

धाकटा


दि. २ मार्च

चि. ताईस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

एक गोष्ट सांगतो, ती तुझ्यापाशीच ठेव.

शास्त्रज्ञांच्या टाकीतलं पाणी रोज उतरतं. शास्त्रज्ञांना पत्ता नाही. काचेवर रेघ मारली आहे, झाकण लावलं आहे, आणि दुपारी स्वारी सामान आणायला बाहेर पडली की पाणी बोटभर खाली. मला ते बघवत नाही. मी नोकरीत असताना शहराच्या टाकीची पातळी एकदाही खुणेखाली गेली नाही. वरिष्ठ बदलले, पंप बदलले, पातळी नाही बदलली. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत पाणी खुणेखाली जातं म्हणजे काय?

तेव्हा मी रोज दुपारी पिंपातलं पाणी मगाने काढतो आणि रेघेपर्यंत आणून ठेवतो. तो येतो, वाकून बघतो आणि मान डोलावतो. सूनबाईंच्या माहेरच्यांना फोनवर सांगत होता की त्याच्या झाकणातून वाफसुद्धा निसटत नाही. मी चपलांच्या कपाटापाशी बसून ऐकत होतो. हसू आवरताना ठसका लागला.

त्याला कळू देऊ नकोस. कळलं तर मला टाकीपाशी फिरकू द्यायचा नाही, आणि खरं सांगायचं तर दुपारी मला दुसरं काम नसतं. मासा मला ओळखतो. हातातला मग दिसला की वर येतो.

तुझी आठवण येते हे वेगळं लिहायला नको. तरी लिहिलं.

अण्णा


दि. ८ मार्च

ती. अण्णांस, शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी मी पोट धरून हसले आणि मग घाबरले. अण्णा, आजपासून पिंपातलं पाणी टाकीत घालू नका. साधं गाळलेलं पाणी घाला. खारं नको. नाहीतर मासा मरेल आणि धाकट्याचं काम जाईल. डॉक्टरीणबाई मार्चअखेर येणार आहेत. त्याच्या हातात सध्या तेवढं एकच आहे.

तुमचं गुपित मी फोडत नाही, शब्द दिल्यासारखाच आहे. त्याला फक्त मीठ मोजायला पुन्हा लिहिते. पण तुम्ही माझं ऐका.

इकडे सगळे बरे. तुमची माया आहे म्हणून हा शहाणपणा.

ताई


दि. १४ मार्च

चि. ताईस, आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. मी तुला शिकवलं, वाढवलं, आणि तू मला खाऱ्या पाण्यात साधं पाणी ओतायला सांगतेस. दुधात पाणी घालणाऱ्यातला मी नव्हे. ज्या टाकीतून जे गेलं, तेच तिच्यात भरायचं. पंपावर पहिल्या दिवशी मला एवढंच सांगितलं होतं आणि निवृत्त झालो तोवर मला दुसरं काही लागलं नाही. भेसळ करायची असती तर मी आज बंगल्यात राहिलो असतो.

तुम्ही दोघं भावंडं एका माळेचे मणी. त्याला रंग कळतात, तुला रक्त कळतं, पाणी कुणालाच कळत नाही. मासा जरा सुस्त आहे खरा. हातातला मग बघूनही वर येत नाही. लाडावला असेल.

यावर उत्तर पाठवू नकोस. ख्यालीखुशाली तेवढी कळव.

अण्णा


दि. ३० मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

काम गेलं.

डॉक्टरीणबाई काल आल्या. मासा दगडामागे आडवा पडून धापा टाकत होता. चार दिवस खात नव्हता, मी रंग तपासले, सगळे चोख. शेवाळ खायला सोडलेल्या गोगलगाई शंख मिटून बसलेल्या. बाईंनी विचारलं की मीठ किती आहे. मी ऐटीत यंत्र काढलं, त्यांच्यासमोर थेंब टाकला आणि त्यांच्याच हातात दिलं. त्यांनी बघितलं, मला परत दिलं. बेचाळीस. तू दोनदा लिहिलं होतंस, मी हसलो होतो. बाई वाईट बोलल्या नाहीत. जाताना म्हणाल्या की अजून थोडा अभ्यास करा. पाचवीतल्या मुलाला सांगतात ना, तसं.

मी मीठ घालताना कुठे चुकलो हे मला अजून कळत नाही. पिंप दहा वेळा मोजलं, पस्तीस. पाणी हललेलं नाही. मग टाकीत बेचाळीस कुठून आले? म्हणजे माझं मोजणंच कधीतरी चुकलं असणार. जे हातात घेतो ते असंच होतं. अण्णा सांगत आलेत ते खरंच आहे, मी अर्धवट आहे. ते खुर्चीत बसून सगळं बघत होते. बाई गेल्यावर उठले आणि आत निघून गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

टाकीतलं थोडं पाणी काढून रोज साधं घालतोय, हळूहळू उतरवतोय. मासा जगेल बहुतेक. एक मेपासून गोदामात जायचं हिच्या भावाला कळवलंय. तो म्हणाला, शर्ट इस्त्री करून ठेवतो.

लोभाचं काय लिहू? असेल तर ठेव.

धाकटा


दि. ३ एप्रिल

ती. अण्णांस, शि. सा. न. वि. वि.

धाकट्याचं पत्र आलं. स्वतःला अर्धवट म्हणतोय. तुमचाच शब्द आहे, तुम्ही तो इतकी वर्षं त्याला रोज वाढलात, आता त्याने गिळला. मला तुमचा राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही.

उत्तर पाठवू नकोस म्हणालात, तरी पाठवते. तुमच्याच भाषेत सांगते. जे गेलं तेच भरायचं, हा तुमचा नियम ना? मग टाकीतून गेलं काय? वाफ. वाफेला चव असते का? ओला टॉवेल दोरीवर वाळतो, समुद्रात भिजलेला असला तर तो कडक होतो, कारण पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. टाकीतून रोज बोटभर साधं पाणी गेलं आणि तुम्ही रोज बोटभर खारं भरलंत. मिठावर मीठ. भेसळ तुम्ही केलीत अण्णा. मुलाच्या टाकीत, त्याच्या पाठीमागे, महिनाभर.

त्याचं पाणी बरोबर होतं. हे त्याला तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगेन. आठ दिवस वाट बघते.

नमस्कार आहेच. बाकी काही या वेळी लिहवत नाही.

ताई


दि. ११ एप्रिल

चि. ताईस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. टॉवेलाचं पटलं. साठ वर्षं टॉवेल वाळत घालतोय, डोक्यात शिरलं नव्हतं. मला वाईट वाटलं. एवढंच लिहितो, यावर पुढे विचारू नकोस.

सांग म्हणालीस, सांगितलं. ज्याचं ऐकून काही उपयोग होईल त्याला सांगितलं. मी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेलो. दारातच एक मुलगी बसते, कपाळाला आठी घालून. आत फक्त पेशंट जातात म्हणाली. मग मी म्हटलं की मी पेशंट आहे. भिंतींवर नुसते हसणारे जबडे टांगलेत, किळसवाणा प्रकार. नाव पुकारल्यावर आत गेलो तर बोलायच्या आधीच खुर्ची मागे कलली, पाय वर, तोंड उघडं आणि बाईंचा हात आत. म्हणाल्या, दाढ पार गेली आहे, आजच काढू. मी मान हलवली ती नको म्हणून. त्यांना वाटलं होकार.

सुई टोचल्यावर अर्धं तोंड माझं राहिलं नाही. दाढ निघाली, खड्ड्यात कापूस कोंबला, आणि मग मी बोललो. मुलाचं पाणी बरोबर होतं, मीठ मी चढवलं. बाईंना दोनदा काही कळेना, लाळ गळत होती. तिसऱ्यांदा कळलं. हसल्या नाहीत, हे मान्य करतो. हे मुलाला का नाही सांगत, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्याच्यासमोर माझी पातळी मी अजून राखून आहे. यावर मात्र हसल्या. पंधरा दिवसांत काही न सांगता पुन्हा येऊन बघीन म्हणाल्या.

पाण्याचा मग मी फडताळात ठेवून दिला. पाणी आता रोज उतरतं, माझ्या खुर्चीतून ते स्वच्छ दिसतं. मी गप्प बसतो. त्याचं त्याला दिसू दे. याच्याइतकं कठीण काम मी पंपावरही केलं नाही.

आता तू त्याला काही सांगायचं नाहीस. एक दाढ दिली आहे, त्याहून जास्त या घरातून मिळणार नाही.

जावईबापूंना नमस्कार. राग उतरला असेल तर कळव, नसेल तर उतरेपर्यंत थांब.

अण्णा


दि. २२ एप्रिल

ती. ताईस, सा. न. वि. वि.

काम मिळालं! डॉक्टरीणबाई परवा अचानक दारात. मासा काचेला नाक लावून उभा, गोगलगाई फिरायला निघालेल्या, मीठ पस्तीस. बाईंनी स्वतः मोजलं. म्हणाल्या की चूक कशी झाली ते मला कळलंय, तुमच्या पाण्यात काही वाईट नव्हतं. कशी झाली ते मी विचारलं, तर म्हणाल्या की जुन्या पिंपात कधी कधी होतं असं. मला नीटसं कळलं नाही, पण मोठ्या माणसांशी वाद घालू नये. पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे टाकी बसवायची. दुसरे दोन दवाखानेही नक्की. शर्ट मी हिच्या भावाला परत पाठवला, इस्त्रीसकट.

आणखी एक शोध लागलाय. माझं झाकण थंडीपुरतंच होतं. ऊन वाढलं तसं पाणी रोज बोटभर उतरायला लागलंय. आता मी सकाळी साधं पाणी घालतो आणि मीठ रोज मोजतो, तुझं ऐकून.

तेवढं अण्णांचं बघ. इतकं सगळं झालं, पण ते टाकीकडे ढुंकून बघत नाहीत. पाणी रेघेखाली गेलेलं त्यांच्या खुर्चीतून सरळ दिसतं, पण मला सांगतील तर शपथ. जन्मभर पातळी राखलेला माणूस, आणि माझ्या टाकीबद्दल एवढी तुच्छता! वर पंधरा दिवस गाल सुजवून बसलेत. चावता येत नाही, सगळं मऊ करून मागतात, विचारलं तर वारा लागला म्हणतात. वारा कसला, दाढ असणार. मी म्हटलं, आता आपल्या ओळखीच्या डॉक्टर आहेत, चला, मी घेऊन जातो, तर भिंतीकडे तोंड करून झोपले. दुसऱ्यांना नावं ठेवायला जीभ आहे, पण दातांच्या खुर्चीत बसायला छाती लागते, ती त्यांच्याकडे नाही. तू मोठी आहेस, तूच काहीतरी लिही त्यांना. माझ्यासाठी तर हा माणूस कधी एक पाऊल उचलणार नाही, निदान स्वतःच्या दाढेसाठी तरी उचलू दे.

सर्वांना नमस्कार. लोभ भरपूर पाठव, आता ठेवायला जागा झाली आहे.

तुझा,
धाकटा